बोर्ड मेंदूचा, फोटो कवटीचा

दवाखान्यात नोकरी करणाऱ्या माणसाकडे किस्से औषधाच्या रिकाम्या बाटल्यांसारखे साचतात. फेकवत नाहीत, आणि घरात ठेवावेत तर घरच्यांना वास येतो. माझी तर आता फळी भरली आहे. संध्याकाळी एसटी स्टँडसमोर चहाला बसलो की दोस्त विचारतातच, "काय बे गजू, तुह्या मेंदूखात्यात काय चालू हाये?" मी सांगतो, ते हसतात. मला हसू येत नाही. अशा गोष्टींवर हसायला पेन्शन लागते. मला अजून पगारच धड नाही, म्हणून मला राग येतो.

आमच्या गावाचं नाव सांगत नाही, कारण नोकरी अजून आहे. नांदुऱ्याला रेल्वेतून उतरायचं, एसटी धरायची आणि जिथे धूळ सगळ्यात जास्त असेल तिथे उतरायचं. तिथे एका ट्रस्टचा दवाखाना आहे. त्यात मी डार्करूम सांभाळतो, म्हणजे एक्स-रेच्या फिल्मा धुतो. त्याआधी नागपूरला डॉक्टरकी शिकत होतो. दुसऱ्या वर्षात सोडली. वर्गात प्रश्न विचारला की आमचे प्राध्यापक उत्तर द्यायच्या ऐवजी आडनाव विचारायचे. दोन-चारदा सांगितलं, मग बोरिया-बिस्तर उचलला.

*

आमच्या विभागाचं उद्घाटन झालं तेव्हा महाराष्ट्र होऊन फार वर्षं झाली नव्हती. त्यामुळे कशाचंही उद्घाटन असो, भाषणात 'नवा महाराष्ट्र' यायचाच. बाजारातल्या मुतारीच्या उद्घाटनातही आला होता!

बोर्ड लागला : 'मेंदू चित्रण व संशोधन विभाग'. बोर्डाखाली एक एक्स-रे मशीन, एक अंधारी खोली आणि मी.

विभागाचे प्रमुख म्हणजे आमचे मोठे साहेब. विलायतेत काही महिने राहून आलेले. तिथे काय पाहिलं ते देव जाणे, पण येताना टाय बांधायला शिकून आले. उद्घाटनात ते म्हणाले, "आजवर आपण मेंदूचा नुसता विचार करीत होतो. आजपासून मेंदू डोळ्यांनी दिसेल!" टाळ्या.

दुसऱ्या दिवशी पहिली फिल्म धुऊन मी त्यांच्या हातात दिली आणि म्हणालो, "साहेब, एक्स-रेत हाड दिसते. ही कवटी आहे. मेंदू यात दिसत नाही."

तिकडे मुंबईत म्हणे मानेच्या शिरेत औषध सोडून मेंदूतल्या शिरांची चित्रं घेतात. आमच्याकडे ते औषध नव्हतं, ती सुई नव्हती, ती टोचणारा माणूस नव्हता. बोर्ड मात्र होता.

साहेबांनी फिल्म खिडकीसमोर धरली. बराच वेळ पाहिली. मग मला विचारलं, "तुझं शिक्षण किती?"

"दुसऱ्या वर्षात सोडलं."

"मग नाहीच दिसायचा!"

*

आता सुशीलाचं सांगतो. तिच्याशिवाय या खात्याबद्दल चीड यायचं कारण कळायचं नाही.

सुशीला जानेफळची सून. बाळंतपणानंतर तिला फिट्स यायला लागल्या. गावात आधी चप्पल हुंगवली, कांदा हुंगवला, मग कानामागे डाग दिला. शेवटी कोणीतरी सांगितलं की अमक्या दवाखान्यात डोक्याच्या आतला फोटो निघतो. सासरा किसनराव तिला घेऊन आला. घरी जमीन बरी, शब्दाला वजन, आणि नवरा बापापुढे तोंड न उघडणारा. त्याला बरोबरही आणलं नव्हतं.

किसनरावाने ओपीडीतच सगळ्यांसमोर जाहीर केलं, "फोटो काढा. डोस्क्यात काई नसंल तं नांदवतो. काई असंल तं पोरगी आमच्यापाशी, सून तिच्या माहेरी."

पोरगी म्हणजे सुशीलाची मंदी. नुकती चालायला लागलेली. तिला जानेफळलाच ठेवून घेतलं होतं. सुशीलाला इथे गावातल्या तिच्या मावशीकडे सोडून सासरा परतला. फोटो निघेपर्यंत माय-लेकीची भेट बंद!

आता सांगा, कवटीच्या फोटोत फिट्स दिसतात का? हे सासऱ्याला सांगणं कोणाचं काम होतं? मी साहेबांना म्हणालो, "साहेब, त्या म्हाताऱ्याला एवढंच सांगा की फोटोवरून हे ठरत नाही."

साहेब म्हणाले, "असं सांगितलं तर उद्या विभागात कोण येईल?"

*

संशोधनाला तुलना लागते. आजारी डोकी आमच्याकडे होती, 'नॉर्मल' डोकं हवं होतं. ट्रस्टचे अध्यक्ष अण्णासाहेब पुढे झाले. "विज्ञानासाठी माझं डोकं घ्या!" दवाखान्याला त्यांच्याकडून पहिल्यांदाच काही मिळत होतं.

मशीनखाली झोपल्यावर विचारतात, "टोपी काढायलाच पाहिजे का?"

मी म्हणालो, "टोपी फोटोत दिसत नाही, अण्णासाहेब."

"मग लोकांना कळेल कसं की मी आहे?"

फोटो निघाला. साहेबांनी तो मोठ्या काचेत बसवला, मागे दिवा लावला आणि दर्शनी हॉलमध्ये टांगला. खाली अण्णासाहेबांचं नाव. कंपाउंडरने उत्साहात हारही घातला. आठवड्याभरात त्या काचेवर कुंकू लागायला लागलं. कोणी उदबत्ती खोचून जायचं.

एकदा अण्णासाहेब स्वतः पाहुण्यांना घेऊन तो फोटो दाखवत उभे होते. नांदुऱ्याकडची एक म्हातारी आली, फोटोला हात जोडले, डोळे पुसले आणि अण्णासाहेबांनाच विचारलं, "कवा गेले हो बिचारे?"

*

आमच्या गावात कापसाचं जिनिंग आहे. हंगामात जिन सुरू झाला की गावातले दिवे मंद होतात. आमच्या मशीनलाही वीज पुरत नाही. वीज कमी पडली की फिल्म पांढुरकी येते, आणि फिल्म पांढरी आली की हाड जाड वाटतं. हे कोणीही सांगेल. मीही सांगितलं. "साहेब, हे फोटो जिन बंद असताना पुन्हा काढू."

साहेबांनी हात वर करून मला गप्प केलं. ते काहीतरी शोधून काढण्याच्या बेतात होते.

हंगामभर ते फिल्मा जमवत राहिले. त्यात सुशीलाचीही एक होती, तीही पांढरीफटक. मग पुण्याला डॉक्टरांची परिषद भरली, तिथे साहेबांनी निबंध वाचला. निष्कर्ष असा, की वऱ्हाडातल्या माणसाची कवटी इतर महाराष्ट्रातल्या माणसापेक्षा जाड असते!

परत आल्यावर छाती फुगवून सांगत होते, "पुण्याच्या लोकांनी इतक्या टाळ्या वाजवल्या की विचारू नकोस."

वाजवणारच!

*

त्याच सुमारास आमचा बाप दवाखान्यात आला. बाप वांगी-टमाटे पिकवतो. टोपलीभर वांगी साहेबांच्या टेबलावर ठेवली आणि म्हणाला, "साहेब, याच्याबी डोस्क्याचा येक फोटो काढा. डाक्टरकी सोडून आलं हे. आत काई सटकलं असंल तं पाहा."

मी म्हटलं, "बाबा, चला घरी."

"तू चूप बस बे!"

साहेबांना गंमत कळत नाही. त्यांनी खरोखरच मला मशीनखाली झोपवलं. फोटो काढला, मीच धुतला, मीच वाळवला, मीच त्यांच्या हातात दिला. बाहेर जिन धडधडत होता. साहेबांनी फिल्म पाहून गंभीरपणे सांगितलं, "कवटी जाड आहे."

बाप म्हणाला, "थे तं मले फोटू न काढताच ठाऊक होतं!"

वांगी मात्र साहेबांकडेच राहिली.

*

यानंतर साहेबांनी हवेचा प्रयोग काढला. हा प्रकार खरा आहे, मोठ्या दवाखान्यांतून करतात. पाठीच्या मणक्यात सुई घालून थोडं पाणी काढायचं आणि तिथून हवा सोडायची. हवा वर मेंदूतल्या पोकळ्यांत जाते आणि एक्स-रेत त्यांची सावली दिसते. पण त्यासाठी शिकलेला हात लागतो आणि रोग्याला बसवून फिरवता येईल अशी खुर्ची लागते. साहेबांनी खुर्ची आणली ती न्हाव्याकडून.

पहिला मान दिला बाजारातल्या एका हमालाला. डोकं दुखतं म्हणून बिचारा सारिडॉन मागायला आला होता. त्याला खुर्चीत बसवला, हवा भरली, फोटो काढला. फोटोत हमालाची मान हलल्यामुळे धुक्यासारखं काहीतरी आलं. साहेब त्या धुक्यावर खूश!

हमालाला मात्र कित्येक दिवस मान वर करवेना. उलट्या, डोकेदुखी, उजेड सहन होईना. पोतं उचलणारा गडी, त्याला उशी जड झाली. साहेब राउंडला आले आणि हसून विचारलं, "काय, कसं काय?"

हमाल डोळे न उघडता म्हणाला, "साहेब, हवाच भराची होती तं सायकलवाल्यापाशी गेलो असतो. थो कमीत कमी पंक्चर तं काढते!"

*

त्या हमालानंतर पाळी होती सुशीलाची. साहेबांनी तिला समजावलं, कवटीचा फोटो नीट आला नाही, आता हवेचा घेऊ.

सुशीलाने त्या हमालाला वॉर्डात पाहिलं होतं. तिने सरळ विचारलं, "त्यानं मी बरी होतो का, साहेब?"

साहेब म्हणाले, "तू नाही. फोटो बरा येतो."

"मंग फोटोलेच खुर्चीत बसवा," ती म्हणाली आणि पदर खोचून चालायला लागली.

मी डार्करूमच्या दारात उभा होतो. इतक्या दिवसांत या विभागात कोणीतरी पहिल्यांदाच डोकं वापरलं होतं.

*

मधेच मुंबईहून एक बडे अधिकारी विभागाची तपासणी करायला आले. अनुदान द्यायचं की नाही ते तेच ठरवणार होते. आम्ही भिंतींना चुना मारला. मशीनला हार घातला. साहेब दोन दिवस इंग्रजी बोलत होते, कंपाउंडरशीसुद्धा.

पाहुणे सकाळी आले, चहा घेतला, आणि "शेगाव किती लांब?" म्हणून विचारलं. जीप निघाली. दर्शन झालं, प्रसाद झाला, वामकुक्षी झाली. परत आले तेव्हा दिवेलागण झाली होती आणि त्यांना गाडी पकडायची होती.

साहेब फिल्मांचा गठ्ठा छातीशी धरून जीपच्या मागे पळत होते. अधिकारी खिडकीतून हात हलवून म्हणाले, "दर्शन फार छान झालं! विभागाचं पुढच्या वेळी घेऊ!"

अनुदान मिळालं, बरं का!

*

सुशीलाच्या फिट्स थांबल्या होत्या. या खात्याने थांबवल्या नाहीत. ओपीडीत एक लेडी डॉक्टर होत्या, त्यांनी पहिल्याच आठवड्यात तिला गोळ्या सुरू केल्या. साध्या, जुन्या, कुठेही मिळणाऱ्या गोळ्या. सुशीलाने त्या नेमाने घेतल्या आणि फिट येणं बंद झालं.

हे कळल्यावर साहेब ओपीडीत जाऊन ओरडले. मी तिथेच होतो. "माझ्या केसला गोळ्या कोणी दिल्या?"

लेडी डॉक्टर म्हणाल्या, "मी. ती बरी आहे आता."

"बरी आहे?" साहेबांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. "मग मी संशोधन कशावर करायचं?"

लेडी डॉक्टरांनी जानेफळला निरोपही धाडला, की सून बरी आहे, गोळ्या चालू ठेवायच्या, घेऊन जा. सासऱ्याचा उलटा निरोप आला : "गोळ्या बाई डाक्टरच्या. आमाले फोटो पाह्यजे."

हा राग मी कुठे ठेवू? बाई डोळ्यांसमोर बरी झाली आहे, ते खरं नाही. काळ्या फिल्मवर पांढरा डाग आहे की नाही, ते खरं! असं शिकवलं कोणी या लोकांना? टाय बांधणाऱ्यांनीच ना? कवटीचा फोटो भिंतीवर टांगून, मागे दिवा लावून?

मावशीच्या घरी सुशीला मंदीचं एक झबलं शिवत बसायची. मावशी म्हणायची, "अवं, तिच्या मापाचं राह्यलं का थे आता?" सुशीला शिवण उसवायची आणि थोडं मोठं करून पुन्हा शिवायची.

*

शेवटी बाजाराच्या दिवशी किसनराव आला. बरोबर बायको, आणि बायकोच्या कडेवर मंदी. पोरीला आणलं होतं ते आईला भेटवायला नाही. सुशीलाने गडबड केली तर 'ही पाहा, पोरगी आमची' असं दाखवायला. मंदीने आईकडे पाहिलं आणि आजीच्या खांद्यात तोंड लपवलं. सुशीलाने पुढे केलेला हात मागे घेतला.

किसनराव साहेबांच्या खोलीत खुर्चीवर ऐसपैस बसला. "साहेब, आज फैसला. फोटो दाखवा."

साहेबांनी लाइटच्या पेटीवर सुशीलाची ती जुनी पांढरीफटक फिल्म लावायला घेतली.

"थांबा," सुशीला म्हणाली. "माह्या एकटीचाच काऊन? घरात बाकीच्याईलेबी डोस्की हायेत. मामाजीचा काढा, आत्याबाईचा काढा, माहा पुन्हा काढा. तिन्ही इथं लावा. मंग पाहू."

किसनराव भडकला. "आमाले का झालं हाये?"

"काई नाई झालं ना? मंग भेव कायचं?"

दारात आता बाजाराला आलेली दहा माणसं गोळा झाली होती. त्यात जानेफळचीही होती. कोणीतरी मागून म्हणालं, "बसा ना किसनराव! तुमाले का धाक हाये?" झालं. किसनरावाने पागोटं काढून बायकोच्या हातात दिलं आणि मशीनखाली जाऊन झोपला.

साहेबांचे डोळे चमकत होते. एका दिवसात दोन नॉर्मल!

जिन त्या दिवशी बंद होता. तिन्ही फोटो निघाले. फिल्मच्या कोपऱ्यात शिशाच्या अक्षरांनी नाव उमटवायची पद्धत असते, ती मी पाळली. धुऊन झाल्यावर साहेब म्हणाले, "नावांवर कागद चिकटव. कोणाचं डोकं आहे हे माहीत नसताना वाचायचं. विलायतेत असंच करतात." तिथून त्यांनी आणलेली ही एकच शहाणी गोष्ट. मी कागद चिकटवले.

तीन ओल्या फिल्मा लाइटच्या पेटीवर लागल्या. तीन कवट्या. साहेबांनी चष्मा घातला, काढला, पुसला, पुन्हा घातला. पहिलीजवळ गेले, तिसरीजवळ गेले, परत पहिलीकडे आले. लोक वाट पाहत होते. तिन्ही सारख्याच होत्या, हे त्यांना कळत होतं आणि बोलता येत नव्हतं.

किसनरावाला दम निघेना. तो उठला आणि पेटीजवळ गेला. "साहेब, मले वाचता येत नाई. पन सारी उमर बैलं पारखण्यात गेली. खोड लपत नाई आपल्यापासून." त्याने तिन्हींवरून बोट फिरवलं आणि मधल्या फिल्मवर ठेवलं. "हे पाहा. हा डाग. हे येड्याचं डोस्कं. सांगा, खरं हाये का नाई?"

साहेबांचा जीव भांड्यात पडला. "अगदी बरोबर!" ते म्हणाले. "मलाही नेमकी इथेच शंका होती!"

"आयकलं?" किसनराव लोकांकडे वळला. "आता मोठे साहेबच बोलले! काढ रे पोट्ट्या कागद. वाच नाव."

मी कागद सोलला. नाव वाचलं.

"किसनराव."

साहेबांनी चष्मा पुन्हा पुसायला काढला. किसनराव माझ्याकडे, मग फिल्मकडे, मग स्वतःच्या बोटाकडे पाहत राहिला. ते बोट अजून तिथेच होतं.

सुशीलाने पदर सारखा केला. आवाज न चढवता, सून सासऱ्याशी बोलते तशी खाली पाहून, तिने विचारलं, "मामाजी, आता तुमाले कोनाच्या माहेरी धाडाचं?"

दारातली माणसं भिंती धरून हसली. सासूने हातातलं पागोटं तोंडाशी धरलं, तिचे खांदे गदागदा हलत होते. मग डोळे पुसून ती पुढे झाली, मंदीला कडेवरून उतरवलं आणि सुशीलाच्या कडेवर दिलं.

"धर वं. बाराची गाडी हाये जानेफळची. तू हो पुढं पोरीले घेऊन," ती म्हणाली. "मी या येड्याले घेऊन येतो मांगून."